काड्यांची मोळी

विश्रामबाग, सांगली
९ जून

प्रिय पूजा,

हे 'प्रिय' वाचून तू पाकीट उलटंपालटं करून नाव पुन्हा तपासशील, म्हणून आधीच सांगते. पत्र तुलाच आहे आणि लिहिणारी मीच आहे, दीपाली मगदूम, तुमच्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सला रक्त शिकवणारी. माझ्या वर्गात तू पाच आठवडे होतीस. त्या पाच आठवड्यांत मी तुला पुष्कळ काय काय म्हटलं, त्यात 'प्रिय' नव्हतं. फोन केला असता, पण फोनवर मी पहिल्या मिनिटाला टोमणा मारते आणि दुसऱ्या मिनिटाला समोरचा फोन ठेवतो. पत्रात निदान टोमणा खोडता येतो. खाली दोन-तीन ठिकाणी शाई फासलेली दिसेल, ते तेच.

तू गेल्या ऑगस्टमध्ये कोर्स सोडून दहिवडीला गेलीस. पंचवीस जूनपर्यंत आलीस तर त्याच प्रवेशावर पुन्हा बसता येतं, मुदत गेली की तुझं नाव कटतं. तू परत यावंस असं मला वाटतं. एवढं समजून पुढे वाच. पत्राला आणखीही एक कारण आहे, पण ते सांगायला मला थोडी पानं लागणार आहेत. एका वाक्यात सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नाही.

इकडची हालहवाल अशी. विश्रामबागेत आता दर दोन इमारतींमागे एक लॅब आणि एक क्लास झालाय, मधल्या इमारतीत दोन्ही आहेत. तुमच्या वर्गातला साईराज पहिलं वर्ष पास झाला. त्याचं अक्षर इतकं देखणं आहे की चुकीचा रिपोर्टही फ्रेम करून लावावासा वाटतो. तुझ्या बाकावरची अंकिता अजून आधी भिंग टेकवते आणि मग तेलाची बाटली शोधते. तिच्याकडूनच कळलं की तू दहिवडीत एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असतेस आणि मायक्रोस्कोपचा विषय निघाला की गोळ्यांची पाकिटं लावायला आत जातेस. आपल्याकडे रक्त मोजायचं नवं मशीन आलंय. मिनिटभरात सगळं मोजतं, आणि एखादी पेशी ओळखता आली नाही तर तिच्यापुढे खूण करून गप्प बसतं. माझ्यापेक्षा सभ्य आहे.

तुझी आणि माझी गाठ खरी पडली ती दुसऱ्या आठवड्यात. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं आणि तू मोठ्या मनानं घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी स्लाइड रंगवायला दिलंस. बोअरचं क्षाराचं पाणी ते. गुलाबी दिसायच्या लाल पेशी राखाडी-निळ्या झाल्या. चांगल्या शिक्षिकेनं तिथं पाण्याचा आणि रंगाचा संबंध समजावला असता, तो धडा जन्मभर पुरला असता. मी ती स्लाइड वर्गभर फिरवली आणि म्हणाले, "माण तालुक्यात पाणी नसतं असं ऐकलं होतं, असतं ते असं असतं होय." वर्ग हसला. वर्गाला हसावंच लागतं, प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात असतात.

मग मी पांढऱ्या पेशींची वाढ शिकवली. हाडाच्या मगजात पेशी जन्मते तेव्हा थोराड असते, वाढता वाढता लहान होते, तिचं केंद्रक आधी गोल, मग दबलेलं, मग वाकलेलं, शेवटी तीन-चार पाकळ्यांचं. लहानपणी मोठं आणि मोठेपणी लहान होणारी ही जात माणसांतही आहे, फक्त ती निवडणुकीला उभी राहते, हा माझा दरवर्षीचा विनोद. त्यावर तू हात वर केलास. म्हणालीस, "मॅडम, आमच्याकडं मेंढीचं वय अंगावरनं न्हाई बघत. दात बघत्यात. दोन दाती, चार दाती. ह्या पेशीचं दात म्हंजे केंद्रकच की." मी म्हटलं, "इथं पेशींना दात नसतात, खाली बस." पूजा, बावीस वर्षांत इतक्या नेमक्या शब्दांत तो धडा मला कुणी परत सांगितला नव्हता. मला तो आवडला. आवडला म्हणूनच राग आला असावा.

आता त्या सोमवारचं. मी तुम्हाला नेहमीप्रमाणे 'नॉर्मल' असं लिहिलेली स्लाइड दिली आणि शंभर पांढऱ्या पेशी मोजून कुठल्या जातीच्या किती ते लिहायला सांगितलं. सगळ्यांनी लिहून दिलं. बासष्ट, तीस, पाच, तीन, शून्य. तेवीस वह्यांत तेच. पुस्तकातला तक्ता उतरवला की असं एकमत होतं, आणि मला ते ठाऊक होतं, आणि मी तेवीस सह्या केल्या. तुझ्या वहीत मात्र बेरीज सत्त्याण्णव होती आणि खाली लिहिलं होतं, "तीन ओळखता आल्या नाहीत." मी विचारलं, नॉर्मल स्लाइडमध्ये न ओळखण्यासारखं काय असतं? तू म्हणालीस, "मॅडम, अंगानं मोठ्या हायत, पर दाती लागल्याच न्हाईत. आन् एकीत बारक्या काड्या हायत, मोळी बांधल्यागत." मी म्हटलं, तो रंगाचा गाळ, तुझ्या बोअरच्या पाण्याची सवय डोळ्यांत राहिली. आणि तू, अगदी शांतपणे, खाली बघत म्हणालीस, "पण मॅडम, ही स्लाइड तुमीच रंगवलीय की."

वर्ग पुन्हा हसला. यावेळी मार्कांसाठी नाही.

त्यावर मी जे बोलले ते मी इथे लिहिणार आहे, कारण ते न लिहिता पुढे जाणं म्हणजे पुन्हा न बघता सही करणं. मी म्हणाले, "तू मेंढरं मोज. पेशी मोजायला डोळे लागतात." आणि तुझ्या वहीवर लाल रेघ मारली. तू वही घेतलीस, दप्तरात ठेवलीस, स्टूल जागेवर सरकवलंस. ते स्टूल सरकवणं मला नंतर फार दिवस दिसत राहिलं. इतकं बोलणं खाऊनही जाताना स्टूल नीट लावून जाणारी मुलगी.

मंगळवारी मी साडेसातलाच लॅबमध्ये आले. का, ते ऐक. तुला खोटं पाडायला आले. तो गाळ शोधायचा, त्याभोवती गोल काढायचा आणि वर्ग भरला की तुला बोलावून दाखवायचा, असा बेत होता. म्हणजे बघ, त्या दिवशी माझ्याकडून जे काही चांगलं झालं ते निव्वळ खुनशीपणातून झालं. स्लाइड लावली, तेल टाकलं, शोधत गेले. तिसऱ्या ओळीत ती पेशी सापडली. थोराड, दाण्यांनी भरलेली, केंद्रक मधोमध खोल चिरलेलं, आणि आत लालसर जांभळ्या काड्या, एकीला एक खेटून. मोळीच. कुणीतरी रानातून डोक्यावर घेऊन यावी अशी. असली पेशी रक्तात उगाच येत नाही. एक दिसली तरी धावायचं असतं. तो रक्ताचा एक कॅन्सर आहे, बरा होणारा, पण उपचाराआधीचे दोन-चार दिवस फार वाईट, कारण त्यात माणूस अचानक आतून रक्तस्राव होऊन जातो. हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेय.

आणि आता ते, जे तुला माहीत नाही. वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. ती 'नॉर्मल' स्लाइड कुणाची असते असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. ती माझी असते. दर सोमवारी तुम्ही यायच्या आधी मी माझ्याच बोटाला सुई टोचून ती करते. पहिल्या वर्षी सकाळी दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून केली, मग सवय झाली, मग सवयीचा माज झाला. या भागातल्या निम्म्या लॅबमधली पोरं निरोगी रक्त म्हणजे काय ते माझ्या रक्तावरून शिकली. त्यामुळे स्वतःची स्लाइड मी रंगवायचे, पुसायचे, त्यावर 'नॉर्मल' लिहायचे. भिंगाखाली लावायचे मात्र नाही. जे नॉर्मल असं ठरलेलंच आहे ते कशाला बघायचं?

हिरडीतून आठवडाभर रक्त येत होतं, मी ब्रश बदलला. दंडावर काळेनिळे डाग होते, मी कपाटाला दोष दिला. रक्त शिकवणारी बाई. त्या मंगळवारी पुन्हा बोट टोचलं तर थेंब थांबेना, कापूस बदलत बसले. मग स्लाइड घेऊन वरच्या मजल्यावर डॉक्टर राजवर्धन यांच्याकडे गेले. तो तेहतीस वर्षांचा मुलगा भिंगातून मान वर न काढता म्हणाला, "पेशंट कुठंय? आत्ता बोलवा. चालत येऊ देऊ नका." मी म्हटलं, "चालतच आली. समोर उभी आहे." पाऊण तासात मी मिरजेला एका हॉस्पिटलच्या खाटेवर होते. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवसांनी आला असता तर बोलण्याची वेळ आली नसती. मी त्यांना विचारलं, माझ्या वर्गातली एक मुलगी आहे, तिला कुणी निरोप देईल का? त्याच दुपारी तू होस्टेल सोडून दहिवडीची एसटी पकडली होतीस.

वर्गाला सांगितलं, मॅडम बेळगावला बहिणीकडे गेल्यात. बहिणीला मी अकरा वर्षं सहन करू शकलेले नाही, पण कॅन्सरपेक्षा ते लोकांना पटलं.

या आजाराची गंमत ऐक, तुला आवडेल. यात पेशी एकाच वर्गात अडकून पडतात. दाती लागतच नाहीत. बाकीच्या प्रकारांत जहाल औषधं देऊन पेशी मारतात. यात एक गोळी देतात, 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, आणि शिरेतून सोमल, म्हणजे आर्सेनिक. पेशींचा अडलेला रस्ता मोकळा होतो आणि त्या पुन्हा वाढायला लागतात. केंद्रकाला घडी पडते, पाकळ्या येतात, आणि मोठ्या होऊन आपल्या वेळेला मरतात. नापास झालेल्या पोरांना हाकलत नाहीत, पास करवून घेतात. महिनाभर खाटेवर पडून मी रोजचे रिपोर्ट वाचत होते आणि मला सारखी तुझ्या वहीवरची लाल रेघ दिसत होती.

सोमल म्हटल्यावर आमचे हे, धरणेंद्र, हळदीचे व्यापारी, डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे उंदराचं?" डॉक्टर हो म्हणाले. मग यांनी विचारलं, "वरून हळद चालंल का?" अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांनी मला विष घालायला इतक्या आनंदानं संमती दिली, हे मी अधूनमधून ऐकवत असते. माझे केस गेले नाहीत, या उपचारात जात नाहीत. बघायला येणारे नातेवाईक आधी डोक्याकडे बघायचे आणि जरा हिरमुसून जायचे.

मी खाटेवर असतानाच आमचं पर्युषण आलं आणि गेलं. शेवटी क्षमावाणी असते, त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल म्हणून. पूर्वी घरोघरी जाऊन हात जोडायचे. आता फोनवर एक कमळाचं चित्र येतं, ते पुढे ढकलायचं. मी हाताला सुई असताना दोनशे चौदा जणांची क्षमा मागितली. त्यात आमचा गॅसवाला होता, माझी लग्नातली मेकअपवाली होती, आणि एक माणूस कोण होता ते मला अजून आठवत नाही. तुझा नंबर यादीत होता. तुझ्या नावावर अंगठा थांबला. ते चित्र तुला पाठवणं म्हणजे पुन्हा तक्ता उतरवून सही करणं झालं असतं. म्हणून नाही पाठवलं. मग दुसरंही काही पाठवलं नाही, असेच नऊ महिने गेले.

फेब्रुवारीत उपचाराच्या दोन फेऱ्यांच्या मधे मला जरा सुट्टी होती. अंकितानं सांगितलं की तुझ्या वडिलांचा मेंढरांचा तळ हरिपूरजवळ एका रानात बसलाय. मला गर्दीत आणि जनावरांत जायला बंदी होती, म्हणून मी यांच्या स्कूटरवर मागे बसून मास्क लावून गेले. तुझ्या वडिलांना, नाथाजींना, वाटलं मी सरकारी बाई, लस टोचायला आलेय. त्यांनी आधी मेंढरं दाखवली, मग चहा दिला. मी म्हटलं, तुमची पूजा शिकत होती ना सांगलीला? तर म्हणाले, "व्हय, सोडलं तिनं. आवं बाई, पोरीचं डोळं लय तयार हायती. दोनशे मेंढरांत कंची उद्या आजारी पडणार, त्ये ती आज सांगायची. मी म्हनायचो, कशावरनं? ती म्हनायची, बापू, ही येगळी उभी ऱ्हातीया. पर आता कळपाकडं बगतच न्हाई. म्हनती, मला दिसत न्हाई, नुसता भास व्हतुया." आणि मग मला विचारलं, "तुमी कोण म्हनायच्या?" मी म्हटलं, मी अशीच, ओळखीची. पूजा, कॅन्सर झालाय हे मी तोवर चौदा जणांना सांगितलं होतं. माझं नाव मात्र तुझ्या वडिलांना सांगता आलं नाही. परत येताना स्कूटरवर हे म्हणाले, "काय गं, डोळ्यांत धूळ गेली काय?" हरिपूरचा रस्ता पार डांबरी आहे.

तुला भास झाला नव्हता. तीन पेशी होत्या, तीनच. ओळखता येत नाही तिथं 'ओळखता आल्या नाहीत' असं लिहिणं, हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. ते तू पाचव्या आठवड्यात केलंस आणि मी बाविसाव्या वर्षी केलं नाही. ती स्लाइड आता शिकवण्याच्या पेटीत आहे. तिच्यावरचं 'नॉर्मल' मी खोडलं आणि 'काड्यांची मोळी, पाहिली पूजानं' असं लिहिलं. नवीन मुलांना ती दाखवताना ही कुणाच्या रक्ताची आणि ती बघणारीला मी काय म्हणाले, दोन्ही सांगणार आहे. पंधरा जुलैला नवी तुकडी सुरू होतेय. प्राचार्यांशी बोलले, तुझ्या अर्जावर माझी शिफारस जोडलीय आणि फक्त तुझी सही बाकी आहे. मेडिकलवाल्यांना सांग, मुलगी परत गेली म्हणून. त्यांनी ऐकलं नाही तर मला फोन लाव, पहिल्या मिनिटाचा टोमणा त्यांच्यासाठी राखून ठेवते. क्षमा मी या पानावर मागते आहे, कमळाशिवाय. लगेच दिलीच पाहिजे असं नाही.

आता ते दुसरं कारण. एप्रिलमध्ये माझा उपचार संपला. हाडाचा मगज तपासला, जनुकांची तपासणी झाली, मिरजेचे डॉक्टर म्हणाले साफ आहे, राजवर्धन म्हणाले साफ आहे, मशीननंही कुठं खूण केली नाही. सगळे म्हणतात नॉर्मल, आणि हा शब्द ऐकून गप्प बसायची मला एकदा अद्दल घडलीय. काल सकाळी मी पुन्हा बोट टोचलं, थेंब लगेच थांबला, स्लाइड केली, नळाच्या पाण्यानं रंगवली. भिंगाखाली लावली नाही. स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत माझे डोळे फितूर आहेत हे सिद्ध झालंय. सोबत साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचं रिकामं खोकं आहे, पेढे यांनी खाल्ले, त्यात कापसात गुंडाळून ती स्लाइड ठेवलीय. पंचविसाच्या आत ती घेऊन इथं ये, तुझ्या जुन्या स्टुलावर बस आणि शंभर पेशी मोज. सावकाश, सगळ्या. पंधरा जुलैला नव्या पोरांसमोर माझं रक्त नॉर्मल म्हणून ठेवायचं की नाही, हे तू सांगशील तसं. जिथे मी 'नॉर्मल' लिहायचे ते स्लाइडचं टोक कोरं ठेवलंय. पेन्सिल खोक्यातच आहे.

तुझीच,
दीपाली मगदूम